३२ बोअरचं पिस्तूल आणि त्याची काडतुसं : भरणं, रिकामं करणं, पुसणं, ठेवणं

मराठवाड्यात परवान्याचं छोटं हत्यार म्हटलं की ते बहुतेक ३२ बोअरचंच, म्हणजे साधारण ०.३२ इंच व्यासाच्या नळीचंच, निघतं. ९ मिमी हे प्रतिबंधित बोअर असल्याने सामान्य परवानाधारकाला ते मिळत नाही. हत्यारावर गप्पा पुष्कळ होतात. कुठल्या फॅक्टरीचं, वजन किती, मूठ हातात कशी बसते. काडतुसाचं मात्र कुणी नाव काढत नाही. पाकीट आणलं, कपाटात साड्यांच्या मागे सारलं, झालं. प्रत्यक्षात जोर, आग आणि धोका हे सगळं काडतुसात असतं, पिस्तूल फक्त त्याला वाट करून देतं. म्हणून सुरुवात काडतुसापासून.

दोन वेगळी ३२

बोलताना आपण दोन्हींना ‘बत्तीस’च म्हणतो, पण पिस्तुलाचं ३२ आणि रिव्हॉल्व्हरचं ३२ ही दोन वेगळी काडतुसं आहेत. पिस्तुलाच्या काडतुसाची पुंगळी (दारू आणि गोळी धरणारी पितळी नळी) साधारण १७ मिमी लांब आणि अख्खं काडतूस गोळीसकट जास्तीत जास्त २५ मिमी. रिव्हॉल्व्हरच्या लाँग काडतुसाची पुंगळी २३ मिमीच्या आसपास, बुडाला स्पष्ट बाहेर आलेली कड, आणि अख्खी लांबी साडेबत्तीस मिमीपर्यंत. गोळीची जाडी दोन्हींची जवळजवळ सारखीच, आणि घोळ होतो तो इथेच. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत (काडतुसं बसतात त्या फिरत्या भागात) शिरतं, म्हणून ते चालतं असं लोक समजतात. पिस्तुलाच्या काडतुसाचा कमाल दाब रिव्हॉल्व्हरच्या लाँग काडतुसापेक्षा साधारण एक तृतीयांशाने जास्त असतो. जुन्या रिव्हॉल्व्हरची चक्री त्या दाबासाठी बनलेली नसते. परवान्यावर, हत्यारावर आणि पाकिटावर एकच काडतूस लिहिलेलं आहे ना, हे दुकानातच ताडून पाहावं.

काडतुसाच्या बुडावर ‘के एफ’ ही रोमन अक्षरं दिसली तर ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण. कारखाना १८६९ चा, खूणही जुनी. अक्षरांच्या मध्ये जी गोल टिकली दिसते ती कॅप. चाप दाबला की हत्यारातली फायरिंग पिन, म्हणजे टोकदार खिळी, तिच्यावर आदळते, कॅप पेटते, मग आतली दारू पेटते. या कॅपला दोन गोष्टींचं वावडं आहे, तेल आणि ओल. त्याचं पुढे येईलच.

काडतुसं कुठे ठेवायची, आणि कुठे मुळीच नाही

कारखान्याच्या मूळ पाकिटात ठेवा, ते पाकीट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, आणि डब्यात सिलिका जेलची एक-दोन पाकिटं टाका. निळ्या मण्यांचं जेल असेल तर ओल भरल्यावर ते गुलाबी होतं. मग एखाद्या जुन्या, स्वयंपाकात न वापरायच्या तव्यावर मंद आचेवर परत निळं होईपर्यंत गरम करून घ्यावं. अर्थात काडतुसं दुसऱ्या खोलीत असताना. पाकिटावर खरेदीची तारीख पेनने लिहा. आधी आणलेली आधी वापरायची.

चामडी पट्ट्यात काडतुसं खोचून वर्षानुवर्षं ठेवायची पद्धत अजून दिसते. कमावलेल्या चामड्यातली आम्लं पितळेशी लागतात आणि पुंगळीवर हिरवट, चिकट थर धरतो. तसं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला ते बसतं त्या जागेत, अडकतं. पट्टा मिरवायला ठीक, साठवायला नाही.

आता एक गोष्ट, जी शेतकऱ्याच्या घरात सगळ्यात जास्त लागू आहे आणि सगळ्यात कमी माहीत आहे. युरियाची पोती, गोठा किंवा कोंबड्यांचं खुराडं जिथे आहे त्या खोलीत काडतुसं ठेवायची नाहीत. कारण अमोनिया. पुंगळी साच्यात ओढून बनवतात, त्यामुळे पितळेत आतून ताण राहिलेला असतो. ओल्या हवेतला अमोनिया अशा पितळेला हळूहळू चिरतो. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवली की आपोआप तडकायची. कारण घोड्यांच्या मुतातला अमोनिया आहे हे पुढे १९२१ मध्ये उलगडलं. तबेला गेला, युरिया आला, पितळ तेच आहे. तडा गेलेली पुंगळी उडाली तर गरम वायू पुढे जायच्या ऐवजी मागे, हाताकडे आणि तोंडाकडे येतो. काडतूस उजेडात धरून अंगठ्याच्या नखाने पुंगळीच्या तोंडाभोवती चाचपून पाहावं. केसासारखी उभी रेघ नखाला लागली तर ते काडतूस बाजूला. याच कारणाने भांडी चमकवायचं अमोनियाचं पॉलिश काडतुसाला लावायचं नाही. काळवंडलेलं पितळ चालतं, कोरड्या मऊ कापडाने पुसलं की पुरे.

उन्हाचं म्हणाल तर मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ ला टेकतो, आणि बंद गाडीच्या डॅशबोर्डमध्ये त्याहून कितीतरी वर जातो. तेवढ्याने काडतूस फुटत नाही, पण आतली दारू उष्णतेने हळूहळू खराब होते आणि जोर कमी-जास्त होतो. शिवाय गाडीत हत्यार सोडून जाणं म्हणजे चोराला आमंत्रण. पत्र्याच्या खोलीत वरचा माळा नको, जमिनीला लागून ओल धरणारी भिंत नको. मधल्या खोलीतलं, भिंतीला बोल्टने पक्कं केलेलं लोखंडी कपाट बरं. पिस्तूल एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात नकोत. परवाना घेताना सुरक्षित साठवणुकीचं हमीपत्र दिलेलं असतं, ते नुसतं कागदापुरतं नसतं. देव्हाऱ्यामागे ठेवलेली किल्ली घरातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते.

घरी काडतूस भरायचं म्हणता?

परदेशात काही ठिकाणी नेमबाज आपली काडतुसं स्वतः भरतात, त्याचे व्हिडिओ इकडेही पाहिले जातात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो, हत्यार बाळगायच्या परवान्यात तो येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ खाली बेकायदा निर्मितीची शिक्षा किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. विषय इथेच संपतो. पण ‘पुंगळ्या द्या, भरून देतो’ म्हणणारे भेटतात, म्हणून त्यातला धोका समजून घ्यावा.

पिस्तुलाच्या ३२ मध्ये दारू किती असते? सोनाराच्या तराजूत साधारण एक गुंज. एवढ्या कमी मापात थोडासाही फरक मोठा असतो. कमी पडली तर गोळी नळीत अडकते. चुकून दोनदा पडली तर पुंगळीत ती मावूनही जाते, बाहेरून काही कळत नाही, आणि दाब पिस्तुलाच्या सोसण्यापलीकडे जातो. शोभेच्या दारूकामातली काळी दारू वापरणारे तर वेगळीच आपत्ती ओढवतात, तिची जळण्याची रीतच निराळी.

असं भरलेलं काडतूस ओळखायच्या खुणा : पाकीट नाही. बुडावरच्या खुणा एका पाकिटातल्या असूनही वेगवेगळ्या. कॅपचा रंग निराळा, किंवा ती बुडाच्या पातळीपेक्षा वर आलेली. पुंगळीवर ओरखडे. गोळी बोटाने फिरते. दहा काडतुसं काचेवर उभी केली तर उंची एकसारखी भरत नाही. यातलं एक जरी दिसलं तरी नको. आणि पावतीशिवाय, परवान्यावर नोंद न होता मिळणारं काडतूस कितीही चांगलं दिसलं तरी नको.

रिकामं करणं

पिस्तूल हाताळताना होणारे अपघात बरेचसे ‘रिकाम्या’ पिस्तुलाचे असतात, आणि त्यातले बरेच एका क्रमाच्या चुकीने होतात. मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) आत असतानाच स्लाइड (पिस्तुलाचा वरचा मागेपुढे सरकणारा भाग) ओढली, चेंबरमधलं काडतूस बाहेर पडलं, माणसाला समाधान वाटलं. पण स्लाइड पुढे जाताना तिने मॅगझिनमधलं दुसरं काडतूस चेंबरमध्ये नेलं. मग मॅगझिन काढलं. आता हातातलं पिस्तूल पूर्ण भरलेलं आहे आणि माणूस ते रिकामं समजतोय.

योग्य क्रम असा :

१. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला. बोट चापाच्या कडीबाहेर, फ्रेमला लागून सरळ.
२. सेफ्टी असेल आणि ती लावून स्लाइड हलत असेल तर लावा.
३. आधी मॅगझिन काढा आणि खाली ठेवा, हातात धरू नका.
४. मग स्लाइड पूर्ण मागे ओढा, काडतूस खाली पडू द्या. ते झेलायला तळहात स्लाइडच्या खिडकीवर, म्हणजे काडतूस बाहेर पडतं त्या फटीवर, धरायचा नाही. क्वचित का होईना, कॅपला दुसरीकडे मार बसून काडतूस तिथेच फुटतं, आणि ते तळहातात फुटतं.
५. स्लाइड मागे अडकवा. चेंबरमध्ये डोळ्याने पाहा, मग करंगळीने चाचपा. अंधारात डोळा फसतो, करंगळी फसत नाही.
६. खिडकीतून खाली, मॅगझिनच्या पोकळीतून जमीन दिसते का ते पाहा.

‘सुरक्षित दिशा’ हा शब्द सगळे म्हणतात, पण घरात ती कुठे असते? वर पत्रा असेल तर गोळी त्यातून सरळ जाते. स्लॅबच्या फ्लॅटमध्ये खालीवर माणसं राहतात आणि काँक्रीटवरून गोळी उसळते. विटेची एकेरी भिंत भरवशाची नाही. जुन्या माळवदाच्या घराच्या दोन-अडीच हात जाड मातीच्या भिंती यासाठी सोन्यासारख्या होत्या, पण आता त्या राहिल्या किती. म्हणून तेलाचा १५ किलोचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या, वरचं तोंड पूर्ण कापून काढा, कोरड्या चाळलेल्या वाळूने काठोकाठ भरा आणि कोपऱ्यात किंचित तिरपा ठेवा. भरताना-रिकामं करताना नळी त्या वाळूकडे, डब्याच्या लांबीच्या दिशेने. आडव्या बाजूने वाळूची जाडी कमी पडते. वाळू ओली ठेवू नका आणि त्यात खडे नकोत, खड्यावरून गोळी फिरते.

छोट्या पिस्तुलाची एक स्वतःची खोड असते. नळी तीन-साडेतीन इंचांची, त्यामुळे स्लाइड ओढताना डाव्या हाताची बोटं नकळत तोंडापुढे येतात. स्लाइड पुढून धरायची नाही, मागच्या खाचांवर मुठीने वरून धरायची.

भरणं

पिस्तुलाच्या ३२ काडतुसाच्या बुडाला अगदी बारीक कड असते, बोटाला जेमतेम जाणवेल एवढी. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे. ती मागे बसली तर स्लाइड वरचं काडतूस पुढे ढकलते, पण त्याची कड खालच्याच्या कडेत अडकते आणि पिस्तूल तिथेच जाम होतं. हे जाम झटका देऊन सुटत नाही, मॅगझिन काढून सगळी काडतुसं उतरवावी लागतात. म्हणून प्रत्येक काडतूस आधी पुढून दाबून मग मागे सरकवायचं, आणि भरून झाल्यावर मॅगझिन उभं धरून त्याची पाठ तळहातावर दोनदा हलकेच आपटायची.

दुसरी चूक रोजची आहे. रात्री चेंबर रिकामं करायचं, सकाळी तेच काडतूस पुन्हा चढवायचं. दर खेपेला गोळीचं नाक चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर आदळतं आणि गोळी पुंगळीत कणाकणाने आत सरकते. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो, आणि एवढ्याशा पुंगळीत तो पटकन वाढतो. महिन्यातून एकदा ते काडतूस नव्या काडतुसाशेजारी काचेवर उभं करा, किंवा व्हर्नियरने मोजा. नव्यापेक्षा अर्धा मिमी जरी आखूड दिसलं तरी बाद. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे घरात चेंबर रिकामंच ठेवणं. जुन्या पिस्तुलांमध्ये फायरिंग पिनला अडवणारी कळ नसते, फरशीवर पडलं तर बार उडू शकतो. जुन्या रिव्हॉल्व्हरलाही हेच लागू : आपल्या हत्याराच्या पुस्तिकेत पडल्यावर न उडण्याची स्पष्ट हमी नसेल तर घोड्याखालचं (मागून आदळून बार उडवणाऱ्या भागासमोरचं) चक्रीतलं घर रिकामं ठेवावं. उभारलेला घोडा भरल्या चेंबरवर अंगठ्याने हळूच खाली सोडायची कसरत कुणीच करू नये. अंगठ्याला घाम आला की संपलं.

बार उडाला नाही, किंवा विचित्र उडाला

रेंजवर सराव करताना चाप दाबला आणि नुसतं ‘टक’ झालं. काय करायचं? काहीच नाही. नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद मनात मोजायची. कधीकधी कॅप धुमसत राहते आणि बार क्षणभराने उडतो. रिव्हॉल्व्हरवाल्यांनी जास्त जपावं, कारण लगेच पुन्हा चाप दाबला की चक्री फिरते आणि धुमसणारं काडतूस नळीपासून बाजूला जातं. तिथे ते उडालं तर गोळीला वाट नसते.

वेळ गेल्यावर रिकामं करा आणि कॅपवरचा खड्डा बघा, तो सगळं सांगतो. खड्डा उथळ असेल तर दोष पिस्तुलाचा : स्प्रिंग थकलेली, किंवा फायरिंग पिनच्या बिळात तेल-धुळीची चिक्की. खड्डा खोल आणि नीट मध्यावर असेल तर कॅप मेलेली, म्हणजे साठवणुकीत तेल किंवा ओल लागली. खड्डा एका कडेला असेल तर हत्यार आर्मररकडे, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याकडे. न उडालेलं काडतूस पुन्हा पाकिटात टाकू नका, वेगळ्या डबीत लाल शाईची चिठ्ठी लावून ठेवा.

याहून घातक म्हणजे बार ‘फुस्स’ झाला. आवाज दबका, धक्का नाही, कागदाला भोक नाही. गोळी नळीत अडकलेली असू शकते. नेमकं याच वेळी हात सवयीने स्लाइड ओढून पुढचा बार काढायला जातो, आणि ती दुसरी गोळी पहिलीवर आदळून नळी फुगते किंवा फाटते. थांबायचं, रिकामं करायचं, स्लाइड मागे अडकवून मागच्या बाजूने नळीत उजेड पाहायचा. उजेड आरपार दिसला नाही तर त्या दिवसाचा सराव संपला. गोळी घरी गज ठोकून काढू नका, नळीतल्या आट्या (आतल्या पिळाच्या खाचा) जातात. हत्यार दुरुस्तीलाही परवाना लागतो, त्यामुळे काम परवानाधारक आर्मररचंच.

साफसफाई

काडतुसं दुसऱ्या खोलीत. हा नियम आधी, मग बाकीचं. वर सांगितल्याप्रमाणे रिकामं करा, आणि खोलीत आल्यावर पुन्हा एकदा पाहा.

टेबलावर काठ असलेली पितळी किंवा स्टीलची परात घ्या, त्यात जुनं पांढरं धोतर पसरा. स्लाइडची स्प्रिंग सुटली की ती डोळ्याकडे किंवा कपाटाखाली जाते. परातीच्या काठामुळे निम्मे शोध वाचतात, डोळ्यांसाठी साधा चष्मा घाला. सुटे भाग काढताना ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडा. पुस्तिकेत सांगितलंय त्याच्यापुढे खोलू नका.

नळीसाठी अडीच सेंटिमीटर चौकोनी सुती चिंध्या कापून ठेवा, मलमलीच्या किंवा जुन्या बनियनच्या. पहिली चिंधी सॉल्व्हंटने (नळीतली काजळी सोडवणाऱ्या द्रवाने) भिजवून आरपार, मग दहा मिनिटं थांबायचं. कांस्याचा ब्रश आठ-दहा वेळा पूर्ण आरपार, नळीच्या मध्यात दिशा बदलायची नाही, दाते वाकतात. मग कोरड्या चिंध्या, शेवटची पांढरी निघेपर्यंत. बऱ्याच छोट्या पिस्तुलांची नळी फ्रेमला पक्की असते, तिथे नाइलाजाने तोंडाकडून गज घालावा लागतो. अशा वेळी गज तोंडाच्या कडेला घासू देऊ नका. त्या कडेवर ओरखडा पडला की नेम बिघडतो आणि तो पुन्हा सुधारत नाही.

तेल किती? स्लाइडच्या दोन्ही रुळांवर काडीच्या टोकाएवढा एकेक थेंब, नळीत तेलाचा हात लागलेली एक चिंधी. बास. आपल्याकडे काळ्या मातीची भुकटी आणि सोयाबीनच्या मळणीचा भुसा हवेत असतो, जास्तीचं तेल ती धूळ धरून ठेवतं आणि सहाणेवर उगाळल्यासारखं होतं. खोबरेल तर अजिबात नको. ते २४ अंशांच्या खाली गोठतं, आणि परभणीकडची डिसेंबरातली पहाट १० अंशांच्याही खाली जाते. शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं. फायरिंग पिनच्या बिळात आणि मॅगझिनच्या आत तेल नाही. पुढच्या सरावाआधी नळीतून एक कोरडी चिंधी फिरवा.

कॅप आणि गोळीतून शिशाची भुकटी सुटते. सफाई करताना तंबाखू मळायची नाही, चहा बाजूला. नंतर थंड पाण्याने साबण लावून हात धुवा, आणि त्या चिंध्या घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. काडतुसांना हात लावायचा तो हात धुऊन पुसल्यावरच. बोटाचं तेल कॅपला पोचतं.

सराव केला तर त्याच दिवशी सफाई. वापर नसेल तर उन्हाळ्यात महिन्यातून एकदा, जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी कोरडं कापड आणि तेलाचा हात. घामाचं मीठ दोन दिवसांत बोटांचे तांबूस ठसे उमटवतं.

कागद, लग्नं आणि जुनी काडतुसं

साध्या वहीत तारीख, घेतलेली काडतुसं, वापरलेली, शिल्लक असे चार रकाने. परवान्यावर एका वेळी बाळगायची आणि वर्षात घ्यायची संख्या लिहिलेली असते, शिल्लक त्याच्या आत हवी. रिकाम्या पुंगळ्याही मोजून ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवाना ५ वर्षांचा आहे आणि एका व्यक्तीला दोनच हत्यारं ठेवता येतात. नूतनीकरणाचा अर्ज दोन-तीन महिने आधी. छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तालय, बाकी जिल्ह्यांत जिल्हाधिकारी कार्यालय. निवडणुकीत हत्यार जमा करायची नोटीस आली तर पिस्तूल रिकामं करून, काडतुसं वेगळ्या पाकिटात मोजून द्या आणि पावतीवर दोन्हींचा आकडा लिहून घ्या.

वरातीत हवेत बार काढणं हा आता स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०२५ मध्ये बीड जिल्ह्यात मोठ्या संख्येने परवाने रद्द झाले, त्यानंतर तर कुणी ‘एकच बार’ म्हणून आग्रह केला तरी हात जोडावेत. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच, आणि मांडवाला पत्रा नसतो.

हिरवी पडलेली, चिरलेली, न उडालेली, आजोबांच्या ट्रंकेत सापडलेली काडतुसं विहिरीत टाकू नका, पुरू नका, चुलीत तर नाहीच. चेंबरबाहेर पेटलेल्या काडतुसाची गोळी फार लांब जात नाही, पण पुंगळीच्या चिंधड्या डोळा घालवायला पुरेशा असतात. तपशील लिहून ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करा. परवानाधारक वारले तर वारसांनी हत्यारही तसंच विनाविलंब जमा करायचं, तेराव्याची वाट पाहत बसायचं नाही.

राहिली खंडेनवमी. पूजेत मांडायचं ते रिकामं पिस्तूल, मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे अडकवलेली, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला ते रिकामं दिसेल. काडतुसं पाटावर मांडू नका, निरांजन आणि उदबत्तीपासून लांब कुलपातच राहू द्या. पाण्याचा शिंतोडा, ओलं कुंकू आणि झेंडूच्या देठाची ओल लोखंडावर रात्रभर राहिली की सकाळी तिथे गंज असतो. हळदकुंकवाचं बोट लाकडी मुठीवर लावा, नळीवर नको. अक्षता स्लाइडच्या खाचांत जातात, त्या मऊ ब्रशने झाडून घ्या, चेंबरमध्ये एखादा दाणा राहिलाय का ते बॅटरीने पाहा. मग कोरडं कापड, तेलाचा हात, आणि वहीतल्या शिल्लक आकड्याशी काडतुसं मोजून दोन्ही कुलपं. हे आपट्याची पानं द्यायला बाहेर पडण्याआधी, नवमीच्या रात्रीच.